मुरलेला सुगंध, शिळा सुगंध: वाचकांचे प्रश्न

छोट्या खेपेत हाताने बनवलेल्या आणि ‘जुने, दुर्मीळ घटक’ वापरल्याचं सांगणाऱ्या परफ्यूमबद्दल बरेच प्रश्न आले. त्यातले बहुतेक एकाच शंकेपाशी येऊन थांबतात: जुनं असलं की चांगलंच असतं का? याचं उत्तर घटकागणिक बदलतं, म्हणून एकेक घटक हातात घेऊनच बोलू.

प्रश्न: एका लिमिटेड एडिशन परफ्यूमवर ‘बारा वर्षं मुरवलेलं’ असं लिहिलं आहे. म्हणजे सगळं परफ्यूम बारा वर्षं ठेवलं होतं का?

बहुधा नाही. मुरण्याचे टप्पे तीन असतात आणि बारा वर्षं त्यातल्या कुठल्या टप्प्याची, हे लेबलवर क्वचितच सापडतं.

पहिला टप्पा कच्च्या मालाचा. ओरिसचे म्हणजे आयरिसचे कंद सोलून, वाळवून वर्षानुवर्षं ठेवतात. अंबरग्रिस, म्हणजे स्पर्म व्हेलच्या आतड्यात बनणारं मेणासारखं द्रव्य, समुद्रात आणि किनाऱ्यावर ऊन-वारा खात पिकतं. दुसरा टप्पा काढलेल्या तेलाचा: पचौली, वाळा, ऊद (म्हणजे अगरू) ही तेलं बाटलीत राहून सौम्य होतात. तिसरा टप्पा तयार परफ्यूमचा आणि तो सगळ्यांत लहान. सगळी तेलं एकत्र केली की ते मूळ मिश्रण दोन ते चार आठवडे ठेवतात, मग त्यात अल्कोहोल घालून आणखी चार ते आठ आठवडे. या काळात अल्डिहाइडं नावाचे सुगंधी रेणू अल्कोहोलशी जुळून हेमिअॅसिटल आणि अॅसिटल बनवतात, कडा बोथट होतात आणि अल्कोहोलचा पहिला झणका कमी होतो. काही महिन्यांनंतर मात्र फायदा जवळपास थांबतो. तयार परफ्यूम बारा वर्षं ठेवलं तर वरचे हलके सुगंध बिघडण्याचीच शक्यता जास्त.

विक्रेत्याला तीन गोष्टी विचारा. वय कोणत्या घटकाचं आहे? तो घटक मूळ मिश्रणात किती टक्के आहे? आणि ती सगळी वर्षं तो कशात आणि किती तापमानाला ठेवला होता? घटक ज्याने स्वतः सांभाळला आहे त्याला तिन्ही उत्तरं तोंडपाठ असतात. जुन्या तेलात नवं मिसळणंही सर्रास चालतं. त्यात गैर काही नाही, सुगंध सारखा ठेवायला ते लागतंच. पण मग वय सगळ्यांत जुन्या भागाचं सांगितलंय की सगळ्यांत नव्या भागाचं, तेही विचारा.

प्रश्न: माझ्याकडे पचौलीचं आणि संत्र्याचं, अशी दोन्ही तेलं आहेत. दोन्ही वर्ष-दोन वर्षं मुरत ठेवू का?

पचौली ठेवा. संत्र्याचं तेल ठेवू नका.

संत्र्याच्या तेलात नव्वद टक्क्यांहून जास्त लिमोनीन असतं. हवेतला ऑक्सिजन लागला की लिमोनीनची हायड्रोपेरॉक्साइडं बनतात. वास टर्पेंटाइनकडे झुकतो, बाटलीच्या तोंडाशी चिकट थर धरतो, आणि तेवढ्यावर भागत नाही: ही हायड्रोपेरॉक्साइडं त्वचेला अॅलर्जी आणतात. म्हणूनच सुगंध उद्योगाच्या इफ्रा मानकात लिमोनीनयुक्त तेलांचा पेरॉक्साइड अंक लिटरमागे २० मिलिमोलच्या खाली ठेवायला सांगितलं आहे. लिंबू, बर्गमोट (एक लिंबूवर्गीय फळ), पाइन आणि धुपाचं म्हणजे ऑलिबॅनमचं तेल हीही अशीच हवेने बिघडतात. ही तेलं लहान बाटल्यांत काठोकाठ भरून फ्रिजमध्ये ठेवावीत आणि बाटली उघडल्यापासून वर्षाच्या आत संपवावीत.

पचौलीची गोष्ट उलटी आहे. तिच्या तेलात साधारण तिसरा हिस्सा पचौलॉल असतो. तो जड आणि टिकाऊ रेणू. ताज्या तेलातला हिरवट, कापरासारखा तिखटपणा काळासोबत मागे सरतो आणि खालचा गोडसर, लाकडी, मातकट भाग पुढे येतो. घरी मुरवायची रीत अशी: गडद तपकिरी काचेची बाटली, दोन तृतीयांश भरलेली, १८ ते २० अंश सेल्सिअसला, अंधारात. महिन्यातून एकदा झाकण मिनिटभर उघडून परत घट्ट लावा. सुरुवातीलाच त्याच तेलातलं ५ मिली एका छोट्या बाटलीत काठोकाठ भरून फ्रिजमध्ये ठेवून द्या. दर सहा महिन्यांनी दोन्हींचा एकेक थेंब वेगवेगळ्या कागदी पट्ट्यांवर घेऊन शेजारी-शेजारी हुंगा. अशी तुलनेची बाटली नसेल तर ‘बरंच मुरलं’ असं वाटणं ही निव्वळ आठवणीची करामत असते, तिच्यावर विसंबू नका.

रबराच्या फुग्याचा ड्रॉपर बाटलीवर कायम लावून ठेवू नका. तेलाच्या वाफेने रबर फुगतं, विरघळतं, आणि तो वास तेलात उतरतो. आणखी एक: लोखंडी भांड्यात वाफेवर गाळलेली पचौली गडद तपकिरी असते, कारण तिच्यात लोह उतरलेलं असतं. ती व्हॅनिलिन किंवा सॅलिसिलेटं असलेल्या मिश्रणात घातली तर परफ्यूम काही दिवसांत काळपट पडतं. अशा मिश्रणासाठी स्टीलच्या भांड्यात गाळलेलं किंवा लोह काढून टाकलेलं तेलच घ्या. गडद रंग म्हणजे जुनं तेल असं समजून फसणारे पुष्कळ आहेत.

प्रश्न: चंदनही असंच मुरतं का?

थोडंफार. पण चंदनात बाटलीतल्या वर्षांपेक्षा झाडाची वर्षं महत्त्वाची. सुगंध गाभ्याच्या लाकडात असतो आणि गाभा धरायलाच झाडाला पुष्कळ वर्षं लागतात. सँटालम आल्बमच्या तेलासाठीचं आयएसओ ३५१८ हे मानक अल्फा सँटालॉल ४१ ते ५५ टक्के आणि बीटा सँटालॉल १६ ते २४ टक्के मागतं. कोवळ्या झाडाचं तेल हे आकडे गाठत नाही आणि ते कितीही वर्षं ठेवलं तरी गाठणार नाही. तेल किती जुनं ते विचारण्याआधी विश्लेषणाचा कागद मागा.

प्रश्न: ओरिस बटर इतकं मोलाचं का मानतात? आणि ते ‘बटर’ असेल तर अल्कोहोलमध्ये विरघळतं कसं?

आयरिस पॅलिडा किंवा आयरिस जर्मॅनिकाचा ताजा कंद हुंगून पाहिला तर कच्च्या बटाट्यासारखा वास येतो, व्हायोलेटच्या फुलाचा मागमूसही नसतो. रोप साधारण तीन वर्षं जमिनीत राहतं. मग कंद काढून, सोलून वाळवतात आणि पुढे तीन ते पाच वर्षं कोरड्या, हवेशीर जागी ठेवतात. कंदातल्या इरिडाल नावाच्या गंधहीन द्रव्यांचं हवेने सावकाश ऑक्सिडेशन होतं आणि त्यातून आयरोन तयार होतात. सगळा सुगंध त्या आयरोनमध्ये असतो. टीमान आणि क्र्यूगर या रसायनशास्त्रज्ञांनी १८९३मध्ये आयरोनचा माग काढताना आयोनोन हा कृत्रिम रेणू बनवला आणि व्हायोलेटचा वास प्रयोगशाळेतून मिळू लागला. तरी ओरिसची भुकटीसारखी मऊ, थंड खोली आयोनोनला येत नाही.

मुरलेल्या कंदाची भुकटी वाफेवर गाळली की एका टनामागे जेमतेम २ किलो बटर हाती लागतं. थंड झाल्यावर ते घट्ट होतं, कारण त्यात बहुतांश मायरिस्टिक आम्ल असतं आणि आयरोन साधारण ८ ते १५ टक्केच. हे स्निग्ध आम्ल काढून टाकलं की उरतं ते ओरिस अॅब्सोल्यूट, त्यात आयरोन अर्ध्याहून जास्त.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्या मायरिस्टिक आम्लात आहे. बटर ४५ ते ५० अंशांच्या गरम पाण्यात बाटली धरून वितळवा, कोमट असतानाच अल्कोहोलमध्ये १० टक्के द्रावण करा आणि नीट ढवळा. खोलीच्या तापमानाला ते स्वच्छ दिसेल. थंडीत मात्र पांढरे कण खाली बसतील. परफ्यूम बाटलीत भरण्याआधी गार करून गाळलं नसेल तर हेच कण पंपाच्या नळीत अडकतात. गाळल्यामुळे सुगंध कमी होत नाही, जातं ते आम्ल. ज्यांना ही झंझट नको त्यांनी अॅब्सोल्यूट अगदी थोडं वापरावं.

उष्णता देऊन किंवा जिवाणूंच्या मदतीने कंद लवकर पिकवायच्या पद्धतीही आहेत आणि त्यातून आयरोन मिळतातही. म्हणून ‘पाच वर्षं मुरलेला कंद’ असं कुणी सांगत असेल तर आयरोनची टक्केवारी विचारा. वर्षांपेक्षा तो आकडा जास्त बोलका.

प्रश्न: ‘फक्त ४६० बाटल्या’ असं छापतात. ही मर्यादा खरी असते की खप वाढवायची युक्ती?

दोन्ही प्रकार आहेत, आणि कागद-पेन्सिल घेऊन तुम्ही स्वतः पडताळू शकता.

समजा बनवणाऱ्याकडे मुरलेलं ऊद तेल १५० ग्रॅम आहे, एकाच खेपेचं, पुन्हा न मिळणारं. मूळ मिश्रणात ते ६ टक्के घातलं तर मिश्रण २,५०० ग्रॅम होईल. हे मिश्रण २० टक्के ठेवून अल्कोहोल घातलं तर परफ्यूम १२,५०० ग्रॅम. घनता सुमारे ०.८४ धरली तर ते झालं १४.९ लिटर. गाळताना, भरताना आणि चाचणीला मिळून ६ टक्के गेले तर उरले १४ लिटर. ३० मिलीच्या बाटल्या भरल्या तर ४६६. त्यातल्या पाच-सहा नमुना म्हणून बाजूला ठेवल्या की ४६० हा आकडा आपोआप येतो.

आता तेच तेल ६ टक्क्यांऐवजी ०.१ टक्का घालून पाहा. बाटल्या साठ पट, म्हणजे सुमारे २८ हजार. लेबलवर घटकाचं नाव तेच राहील, नाकाला मात्र तो सापडणार नाही. म्हणून बाटल्यांच्या संख्येपेक्षा टक्केवारी विचारणं आम्हाला जास्त महत्त्वाचं वाटतं. मर्यादा घटकाने घातलेली असेल तर विक्रेता हे गणित मोकळेपणाने मांडतो.

प्रश्न: समुद्रकिनाऱ्यावर राखाडी, मेणासारखा गोळा सापडला. अंबरग्रिस असेल तर त्याचं टिंक्चर, म्हणजे अल्कोहोलमधला अर्क, कसं करायचं?

आधी कायदा. अंबरग्रिस स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होतं. भारत, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात त्याचा व्यापार बेकायदा आहे, काही देशांत किनाऱ्यावर वाहून आलेला तुकडा उचलायला मुभा आहे. तुम्ही राहता तिथला नियम पक्का कळेपर्यंत गोळा घरी नेऊ नका, विकायला काढू नका, वन्यजीव विभागाला कळवा. सापडणारे बहुतेक गोळे मेणाचे, पॅराफिनचे किंवा खाद्यतेलाच्या गोठलेल्या चरबीचेच निघतात.

ओळखण्याची जुनी चाचणी अशी: सुई ज्योतीवर दहा-पंधरा सेकंद तापवून गोळ्याला टेकवायची. अंबरग्रिस साधारण ६० अंशांच्या पुढे वितळतं, त्यामुळे सुईखाली गडद, चकचकीत, चिकट थेंब बनतो आणि सुई उचलली की तार निघते. धुराला शेण, समुद्र आणि जुनं लाकूड यांचा मिळून वास येतो. जळक्या प्लॅस्टिकचा किंवा मेणबत्तीचा आला तर विषय संपला. फोडल्यावर आत स्क्विडच्या काळ्या चोचींचे तुकडे दिसणं ही भक्कम खूण.

जिथे कायद्याने चालतं तिथे परफ्यूम बनवणारे ते असं वापरतात. पांढरा किंवा राखाडी तुकडा निवडतात. काळा म्हणजे कच्चा आणि शेणाच्या दर्पाचा. ३ ग्रॅम अंबरग्रिस खलात थोड्या लॅक्टोजसोबत बारीक करतात, म्हणजे ते खलाला चिकटून बसत नाही. मग ९७ ग्रॅम, ९५ टक्के तीव्रतेचं इथेनॉल, घट्ट झाकण, अंधारी जागा. पहिला महिनाभर रोज हलवायचं, पुढे आठवड्यातून एकदा, किमान सहा महिने. मग गाळायचं. यात मुरण्याला खरा अर्थ आहे. अंबरग्रिसमधलं अॅम्ब्रेन स्वतः गंधहीन असतं. ऊन, हवा आणि खारं पाणी यांच्यामुळे त्याचं ऑक्सिडेशन होऊन सुगंधी रेणू बनतात, त्यातला प्रमुख अॅम्ब्रॉक्साइड. म्हणजे टिंक्चर जुनं असण्यापेक्षा तुकडा समुद्रात किती राहिला हे मोठं.

अॅम्ब्रॉक्साइड क्लॅरी सेजमधल्या स्क्लॅरिऑलपासून बनवता येतं आणि ते सर्वत्र कायदेशीर मिळतं. १० टक्के द्रावण करून ठेवा. खऱ्या टिंक्चरमधली खारट, तंबाखूसारखी गुंतागुंत त्यात नाही, पण दरवळ आणि टिकाऊपणा भरपूर आहे. कुठल्याही जनावराला धक्का न लावता खरोखर जुना घटक हवा असेल तर हायरेसियम पाहा: दक्षिण आफ्रिकेतल्या रॉक हायरॅक्स या प्राण्याच्या मलमूत्राचा, पिढ्यानपिढ्या साचून दगड झालेला थर. अल्कोहोलात १० टक्के टिंक्चर करतात. चामडं, कस्तुरी आणि गवत यांच्या मधला वास, म्हणून मिश्रणात फार जपून.

प्रश्न: तीस वर्षं जुनी अस्सल कस्तुरी देऊ केली जात आहे. घ्यावी का?

घेऊ नका. कस्तुरीमृगाच्या सगळ्या जाती साइट्सच्या, म्हणजे वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, यादीत आहेत. भारत, नेपाळ, भूतान, पाकिस्तान, अफगाणिस्तान आणि म्यानमार इथल्या परिशिष्ट १मध्ये, म्हणजे त्यांचा व्यापारी व्यवहार बंद. ‘जुनी आहे’ एवढ्याने सुटका होत नाही, वय सिद्ध करणारी कागदपत्रं लागतात. तिचा मुख्य रेणू मस्कोन. त्याची वलयासारखी रचना रसायनशास्त्रज्ञ रुझिका यांनी १९२६मध्ये उलगडली, आणि आज तो कृत्रिमरीत्या उत्तम प्रतीचा मिळतो.

प्रश्न: घेतलेल्या ऊद तेलाला गोठ्यासारखा वास येतो. खराब झालं की भेसळ आहे?

दोन्ही नसण्याची शक्यता बरीच आहे. अॅक्विलेरियाच्या खोडाला बुरशीची लागण झाली की झाड राळ सोडतं. ते राळ भरलेलं लाकूड चुरून गाळण्याआधी पाण्यात भिजत घालतात, काही ठिकाणी कित्येक आठवडे. तेवढ्यात लाकूड आंबतं आणि आंबण्यातून बनलेल्या लहान आम्लांचा वास तेलात उतरतो. कमी दिवस भिजवलं की तेल स्वच्छ, गोडसर निघतं. जास्त भिजवलं की गोठा.

हा दर्प हलका असल्यामुळे लवकर उडतो. म्हणून ताज्या तेलाच्या बाटलीवर झाकणाऐवजी पातळ सुती कापड बांधून ती सावलीत, धूळ नसलेल्या जागी दोन ते सहा आठवडे ठेवतात. दर आठवड्याला पट्टीवर थेंब घेऊन पाहायचं. गोठा मागे जाऊन चामडं, मध, लाकूड पुढे आलं की घट्ट झाकण लावून पुढची वर्षं तसंच ठेवायचं. कापड जास्त दिवस ठेवलं तर वरचा फळासारखा भागही उडून जातो आणि तो परत आणता येत नाही. उन्हात ठेवून लवकर मुरवू पाहणाऱ्यांच्या तेलाला उकळलेल्या, सपाट लाकडाचा वास येतो.

भेसळीसाठी घरची चाचणी: एका परीक्षानळीत ५ मिली ९५ टक्के इथेनॉल घ्या, दोन थेंब तेल टाका, हलवा. ऊद विरघळतं. तळाशी तेलाचा गोळा बसला किंवा द्रावण दुधाळ झालं तर बहुतेक खाद्यतेल आहे. एरंडेल आणि डीपीजी (तेल पातळ करायला वापरतात तो गंधहीन द्रव) मात्र अल्कोहोलात विरघळतात, त्यामुळे चाचणी पार झाली म्हणून तेल शुद्ध ठरत नाही. दुसऱ्या दिवशी पट्टी ओली आहे पण तिला वास नाही, असं दिसलं तर शंका घ्या. खात्री जीसी-एमएस विश्लेषणानेच, म्हणजे तेलातले रेणू वेगळे करून ओळखणाऱ्या प्रयोगशाळेतल्या चाचणीनेच होते. त्यात अगरोस्पायरॉल आणि जिंको-एरेमॉल दिसले पाहिजेत. शिवाय २००५पासून अॅक्विलेरियाच्या सगळ्या जाती साइट्सच्या परिशिष्ट २मध्ये (परवान्यानेच व्यापार) आहेत, म्हणून परदेशातून तेल मागवताना परवाना विचारा.

प्रश्न: मुरलेली पचौली आणि चंदन आहे. एक छोटी बाटली घरी बनवायची आहे. प्रमाण द्याल का?

३० ग्रॅमचं, म्हणजे साधारण ३६ मिलीचं प्रमाण देतो. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा घ्या. थेंब मोजू नका, प्रत्येक तेलाचा थेंब वेगळ्या वजनाचा असतो.

चंदन तेल १.२० ग्रॅम, पचौली ०.९०, लॅबडॅनम (एका झुडपाची राळ) अॅब्सोल्यूटचं अल्कोहोलातलं ५० टक्के द्रावण ०.४०, आयसो ई सुपर (कृत्रिम, लाकडी वासाचं) ०.५०, ओरिसचं १० टक्के द्रावण ०.३०, जिरॅनियम ०.३०, हेडिओन (कृत्रिम, जाईसारख्या वासाचं) १.२०, आणि बर्गॅप्टिन काढलेलं बर्गमोट १.२०. एकूण ६ ग्रॅम. बर्गमोट तसंच घेऊ नका, साध्या तेलातल्या बर्गॅप्टिनमुळे उन्हात त्वचेवर डाग पडतात.

जड द्रव्यं आधी, हलकी शेवटी, याच क्रमाने एका काचेच्या बाटलीत घाला. बर्गमोट आधी घातलं तर बाकीचं मोजेपर्यंत ते उडत राहतं. प्रत्येक घटक घातल्यावर वजन लिहा. चुकून जास्त पडलं तर काढू नका, नवा आकडा लिहून ठेवा आणि बाकीचे त्याच पटीत वाढवा. झाकण लावून हळू फिरवा. जोरात हलवलं की हवा आत शिरते. दोन आठवडे अंधारात.

मग २४ ग्रॅम, ९५-९६ टक्के तीव्रतेचं परफ्यूमसाठीचं इथेनॉल. सर्जिकल स्पिरिट चालणार नाही, त्यातल्या मिसळलेल्या द्रव्यांचा वास राहतो. इथेनॉलची वाफ १३ ते १७ अंशांनाच पेट घेऊ शकते, म्हणून जवळ गॅस, मेणबत्ती किंवा हीटर नको आणि खिडकी उघडी हवी. सहा आठवडे ठेवा, आठवड्यातून एकदा फिरवा. नंतर दोन दिवस ४ अंशांना ठेवून, गार असतानाच गाळणकागदातून गाळा. खोलीत येऊन कोमट झाल्यावर गाळलं तर गाळ परत विरघळून गेलेला असतो आणि सगळी मेहनत वाया जाते.

पहिल्या आठवड्यात वास विस्कळीत वाटेल, पचौली एकीकडे आणि बर्गमोट दुसरीकडे. घाबरून काही वाढवू नका. चौथ्या आठवड्यापर्यंत पट्टीवर १५ मिनिटांनी, दोन तासांनी आणि २४ तासांनी काय राहतं ते लिहा, मगच पुढच्या खेपेचं प्रमाण बदला.

प्रश्न: परफ्यूम दुधाळ झालं.

पाणी जास्त झालं. एक तर अल्कोहोल हलकं होतं, किंवा टिंक्चरमधून पाणी आलं. ओलसर व्हॅनिलाच्या शेंगांच्या टिंक्चरने असं हमखास होतं. थोडं थोडं कडक अल्कोहोल घालून स्वच्छ होतंय का पाहा. झालं नाही तर गार करून गाळा.

प्रश्न: पारदर्शक होतं, वर्षभरात गडद अंबर रंगाचं झालं. फेकून द्यायचं का?

रंगावरून ठरवू नका. व्हॅनिलिन असलं की परफ्यूम तपकिरी होतंच. मिथाइल अँथ्रॅनिलेट आणि अल्डिहाइडं एकत्र आली की शिफ बेस नावाची रंगीत संयुगं बनतात आणि रंग पिवळा-नारिंगी होतो. यात सुगंध बिघडतोच असं नाही. बिघडल्याच्या खुणा वेगळ्या: फवारल्यावर पहिल्या मिनिटात नेलपॉलिश किंवा टर्पेंटाइनचा आंबट झणका, आणि लिंबूवर्गीय भाग गायब. अर्ध्या तासानंतर उरणारा वास अजून चांगला असेल तर कपड्यांवर वापरा, त्वचेवर नको.

प्रश्न: पूर्ण नैसर्गिक, मुरलेल्या घटकांचं परफ्यूम लावूनही पुरळ आलं. असं कसं?

नैसर्गिक द्रव्यांतच अॅलर्जी आणणारे रेणू पुष्कळ असतात आणि जुनं होताना हवेने काहींची तीव्रता वाढते. युरोपीय संघाने २०२३मध्ये लेबलवर लिहायच्या अॅलर्जिक घटकांची यादी २६वरून ८०च्या वर नेली; अंगावर राहणाऱ्या उत्पादनात ०.००१ टक्क्याहून जास्त असलेला प्रत्येक घटक नावानिशी लिहावा लागतो. तुमच्या बाटलीवर लिनालूल, जेरॅनिऑल, युजेनॉल अशी नावं दिसत असतील तर ती नोंदवा आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

ओकमॉसबद्दल, म्हणजे ओकच्या झाडावर वाढणाऱ्या दगडफुलाच्या अर्काबद्दल, वेगळं सांगायला हवं. त्यातल्या अॅट्रेनॉल आणि क्लोरोअॅट्रेनॉलवर युरोपीय संघाने २०१७च्या नियमाने बंदी घातली आणि २०२१पासून तशी उत्पादनं विकता येत नाहीत. ‘जुन्या साठ्यातलं अस्सल ओकमॉस’ या शब्दांचा अर्थ हे दोन्ही रेणू न काढलेलं, असा असू शकतो. इथे वय हे गुण नसून धोका आहे. नवीन परफ्यूम आधी कोपराच्या आतल्या बाजूला, एकाच जागी, दिवसातून दोनदा असं सात दिवस लावून पाहा. एका दिवसाची चाचणी अपुरी, कारण अशी अॅलर्जी उशिरा उमटते.

प्रश्न: त्याच नावाची दुसऱ्या खेपेतली बाटली घेतली, वास वेगळा आहे.

नैसर्गिक घटक असतील तर फरक अपेक्षितच आहे. पावसाचं मान, तोडणीचा महिना, गाळायचं भांडं, सगळ्याने तेल बदलतं. फरक वरच्या सुगंधात असेल तर नवी बाटली दोन-तीन महिने ठेवून परत तुलना करा. तळाचा वासच वेगळा असेल तर घटक बदललेला आहे. खेपेचा क्रमांक देऊन बनवणाऱ्याला विचारा.

प्रश्न: महागडी बाटली अर्धी झाली आहे. उरलेलं जास्तीत जास्त कसं टिकवायचं?

बाथरूममध्ये ठेवू नका. रोजची वाफ आणि तापमानाची चढ-उतार हेच परफ्यूमचे मोठे शत्रू. मूळ खोक्यात, कपाटात, १५ ते २० अंशांना. अन्नाच्या फ्रिजची गरज नाही. रोज आत-बाहेर करण्याने नुकसानच होतं.

बाटली स्प्रेची आणि पंप क्रिम्प करून, म्हणजे धातूची कड मानेवर दाबून, बसवलेला असेल तर उघडायचा प्रयत्न करू नका, काच तडकते. एका फवाऱ्यात साधारण ०.१ मिली जातं, म्हणजे १५ मिलीत दीडशे फवारे शिल्लक आहेत. बूच किंवा काचेचा खुंट असलेली बाटली असेल तर मात्र लगेच हालचाल करा: उरलेलं परफ्यूम ५ किंवा १० मिलीच्या स्वच्छ, कोरड्या काचेच्या बाटल्यांत काठोकाठ भरा, वर हवेची जागा जवळपास ठेवूच नका. झाकणाच्या आत पीटीएफईचं (टेफ्लॉनचं) अस्तर हवं. साध्या प्लॅस्टिकच्या चकतीतून अल्कोहोल हळूहळू निसटतं, आणि सहा महिन्यांनी पातळी खाली गेलेली दिसते. बोट बुडवून किंवा खुंट थेट त्वचेला टेकवून लावायची सवय सोडा, अंगावरचं तेल आणि घाम बाटलीत जातो. प्रत्येक छोट्या बाटलीवर खेपेचा क्रमांक आणि भरल्याची तारीख लिहा, एक उघडा, ती संपली की दुसरी.

पंपाला गळती लागली असेल तर बाटली उभी ठेवून मानेभोवती पॅराफिल्म (ताणली जाणारी मेणचट पट्टी) दोन वेढे घट्ट ताणून गुंडाळा. सेलोटेप लावू नका, अल्कोहोलने तिचा डिंक सुटतो आणि तो मानेतून आत उतरतो.